भोसल्यांच्या राजधानीचे प्रवासी-दर्शन : नागपूर, इ. स. १७८८ ते १८६७

(१)

कोणत्याही राजधानीविषयी दोन प्रकारची साधने इतिहासाच्या अभ्यासकापुढे येतात. एक, त्या राजधानीत राहून कारभार चालविणाऱ्यांची कागदपत्रे. दुसरे, बाहेरून ती पाहावयास आलेल्यांचे वृत्तांत. पहिल्या प्रकारच्या कागदांत शहराचे वर्णन सहसा नसते. ज्याला रोज त्याच पेठेतून जावयाचे आहे तो पेठ कशी दिसते हे लिहून ठेवीत नाही. पैसा कोठून उभा करावयाचा, फौज कोठे धाडावयाची, कोणाची मर्जी फिरली, हेच त्याच्या लेखणीचे विषय असतात. वर्णन करतो तो परका. म्हणून एखादे शहर नाहीसे झाले, अथवा त्याचे रूप पालटले, की त्याचे जुने चित्र उभे करण्यासाठी परक्याच्या साक्षीवर विसंबण्याची पाळी येते.

भोसल्यांच्या नागपुराच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. कच्च्या घरांचे, अरुंद गल्ल्यांचे, विस्ताराने मोठे परंतु वैभवहीन शहर, असे त्याचे जे चित्र इंग्रजी ग्रंथांतून व त्यांच्या आधारे मराठी ग्रंथांतूनही रूढ झाले, ते मुख्यतः पाहुण्यांनी रेखाटलेले आहे. हे पाहुणे कोण होते, ते कोणत्या वाटेने आले, कोठे उतरले आणि त्यांना काय पाहू दिले गेले, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून त्यांच्या साक्षीचे मोल ठरविता येणार नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

(२)

नागपुराचा राजधानी म्हणून उदय अठराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने इ. स. १७०२ च्या सुमारास नाग नदीकाठच्या लहान लहान वस्त्या एकत्र करून हे नगर वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने राजधानी येथे आणली, तट उभारला आणि जुम्मा तलाव बांधविला. १७४३ मध्ये थोरले रघूजी भोसले यांनी नागपूर आपल्या ताब्यात घेतले. १७५१ च्या तहाने ओरिसाचा कारभार त्यांच्याकडे आला. वऱ्हाडापासून कटकेपर्यंतच्या मुलखाचा हिशेब ज्या शहरात होऊ लागला ते साहजिकच झपाट्याने वाढले. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही पेठांची नावे आठवड्याच्या बाजारांची आठवण आजही देतात.

परंतु या वाढीला निर्वेध काळ कधीच मिळाला नाही. १७६५ मध्ये पेशवे व निजाम यांच्या संयुक्त फौजांनी नागपूर लुटून जाळले. १७६९ मध्ये जानोजी भोसल्यांवरील माधवराव पेशव्यांच्या स्वारीत शहराला पुन्हा तोच भोग आला. त्याच वर्षी कनकापूरचा तह झाला. १८११ मध्ये पेंढारी थेट राजधानीपर्यंत येऊन उपनगरास आग लावून गेले. सुमारे पन्नास वर्षांत तीन वेळा ज्या शहराने आग पाहिली, तेथील सामान्य रहिवाशाने माती, लाकूड व गवत यांचे घर पसंत केले, तर त्यात दारिद्र्यापेक्षा व्यवहारज्ञानाचा भाग अधिक असण्याचा संभव आहे. पुढे ज्या घरांना पाहुण्यांनी नावे ठेवली ती घरे याच इतिहासातून उभी राहिली होती.

(३)

केवळ कुतूहलापोटी दूरचे शहर पाहावयास जाणे ही कल्पना त्या काळात आपल्याकडे रूढ नव्हती. ‘यात्रेकरू’, ‘वाटसरू’, ‘मुशाफर’ हे शब्द होते. ‘पर्यटक’ हा शब्द पुष्कळ नंतरचा. लोक हिंडत नसत असे मात्र नव्हे. काशी-प्रयागाहून परतणारे यात्रेकरू, व्यापार व सावकारी करणारे गोसावी, बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहणारे बंजारे, चाकरी शोधीत आलेले अरब शिपाई, पेठेत माल घेणारे व्यापारी, हे सर्व नागपूर पाहत होते. त्यांनी पाहिले, पण लिहिले नाही. ज्यांनी लिहिले ते जवळजवळ सारेच राजकारणासाठी आलेले होते.

कंपनी सरकारच्या वतीने नागपुरास आलेल्या प्रवाशांत जॉर्ज फॉर्स्टर याचे नाव आधी घ्यावे लागते. हा मद्रासकडील मुलकी नोकर. १७८२ ते १७८४ या काळात त्याने मुसलमान व्यापाऱ्याच्या वेषात काश्मीर, अफगाणिस्तान, कास्पियन समुद्र व रशिया या मार्गाने बंगालपासून इंग्लंडपर्यंतचा प्रवास जमिनीवरून केला होता. लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७८८ मध्ये त्याला नागपूर दरबारी पाठविले. १७९० मध्ये तो पुन्हा आला व १७९१ च्या जानेवारीत नागपुरातच मरण पावला. त्याच्या मोठ्या प्रवासाचा ग्रंथ दोन खंडांत १७९८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला, तेव्हा तो हयात नव्हता. वेषांतर करून अनोळखी देश पाहणारा हाच मनुष्य नागपुरास आला तो वकील म्हणून, उघडपणे आणि लवाजम्यासह. या दोन प्रकारच्या प्रवासांतील अंतर ध्यानात घेण्याजोगे आहे. वेषांतर केलेला मुशाफर सराईत उतरतो, बाजारात भाव करतो, लोकांच्या तोंडच्या गोष्टी ऐकतो. वकील मात्र जे पाहतो ते त्याला दाखविण्यासाठी मांडलेले असते.

१७९० च्या या वकिलातीबरोबर डॅनियल रॉबिन्सन लेकी हा होता. त्याची रोजनिशी १८०० मध्ये लंडन येथे छापली गेली. ग्रंथाच्या लांबलचक नावातच मार्ग दिलेला आहे : जाताना कटक, बडासांबर व दक्षिणेकडील बंजारी घाट, परतताना सुहागी घाटाने काशी. हा मार्ग नकाशावर मांडून पाहिला असता एक गोष्ट स्पष्ट होते. कटकेहून निघालेला प्रवासी आरंभापासूनच भोसल्यांच्या अमलाखालील प्रदेशातून चालत असे. राजधानी गाठण्यापूर्वी आठवडेच्या आठवडे तो जंगल, घाट, नद्यांचे उतार व विरळ वस्ती पाहत असे. ‘बंजारी घाट’ हे नाव सांगते की ती वाट राजमार्ग नसून तांड्यांची होती. अशा प्रवासानंतर समोर आलेल्या शहराविषयी एक विशेष अपेक्षा मनात धरलेली असे, आणि अपेक्षाभंगाची नोंदही त्याच मापाने होत असे. कलकत्त्याची नवी इंग्रजी वस्ती व गंगाकाठची दगडी घाटांची काशी यांच्या मधोमध नागपूर उभे करून त्याची तुलना होई. ही तुलना न्याय्य होती काय, हा प्रश्न त्या लेखकांच्या मनात येण्याचे कारण नव्हते. आजच्या अभ्यासकाच्या मनात तो आला पाहिजे.

लेकीच्या रोजनिशीचे प्रयोजनही तिच्या रचनेवरून कळते. मजला, अंतरे, पाण्याची सोय, घाटांची अवघड स्थळे यांची नोंद हा तिचा कणा आहे. रेनेलचे नकाशे तयार होत होते तो हा काळ. मध्य हिंदुस्थानचा भाग नकाशावर बराचसा कोरा होता, आणि फौज कोणत्या घाटाने उतरू शकेल हे जाणण्याची कंपनीला गरज होती. नागपुराचे वर्णन या मार्गनोंदीच्या पोटात येते. शहर पाहणे हा त्या प्रवासाचा हेतू नव्हता. शहरापर्यंत पोहोचण्याची वाट पाहून ठेवणे हा हेतू होता.

(४)

त्यानंतरचा महत्त्वाचा पाहुणा म्हणजे हेन्री टॉमस कोलब्रुक. हिंदू धर्मशास्त्राच्या व्यवहारभागाचे त्याने केलेले भाषांतर नुकतेच प्रसिद्ध झाले होते. संस्कृतचा एवढा मोठा पंडित १७९९ च्या आरंभी नागपुरास आला आणि १८०१ पर्यंत राहिला. दुसऱ्या रघूजींना कंपनीच्या पक्षाकडे वळविणे हे त्याचे काम होते. ते साधले नाही आणि तो परत गेला. ज्या वकिलाचे काम फसते त्याच्या पत्रांत दरबाराची ढिलाई, दिरंगाई व संशयी स्वभाव यांचे वर्णन येणे स्वाभाविक असते. दरबाराच्या बाजूने पाहिले तर ती ढिलाई नसून जाणूनबुजून केलेले कालहरण होते. तैनाती फौजेच्या जाळ्यात सापडलेल्या दरबारांची गत रघूजींच्या डोळ्यांपुढे होती.

१८०३ च्या युद्धाने हे कालहरण संपविले. आडगावची लढाई, गाविलगडाचा पाडाव आणि १७ डिसेंबरचा देवगावचा तह यांनी कटक व वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले आणि नागपुरास कायमचा रेसिडेंट आला. १८०४ च्या आरंभी माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन या पदावर रुजू झाला, तेव्हा तो अवघा चोवीस वर्षांचा होता. १८०८ पर्यंतचा त्याचा येथील काळ शिकार, घोडदौड व ग्रीक ग्रंथांचे वाचन यांत बराचसा गेला असे त्याच्या चरित्रावरून दिसते. येथे साधनांसंबंधीची एक बारीक गोष्ट नमूद केली पाहिजे. कोलब्रुकचे १८७३ मधील चरित्र व एल्फिन्स्टनचे १८८४ मधील चरित्र ही दोन्ही एकाच लेखकाची आहेत. तो लेखक म्हणजे कोलब्रुकचा पुत्र सर टॉमस एडवर्ड कोलब्रुक. दोन भिन्न पाहुण्यांची साक्ष म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाते, त्यांची निवड व मांडणी एकाच हाताने झालेली आहे. एकाचे वचन दुसऱ्यास दुजोरा म्हणून देताना हे विसरून चालणार नाही.

या सर्वांच्या मुक्कामाची जागा हा या विषयातील कळीचा मुद्दा आहे. मराठी दरबारांच्या रिवाजाप्रमाणे परराज्याचा वकील प्रथम शहराबाहेर थांबे, सामोरे जाण्याचा विधी होई, मग त्यास डेऱ्यांची अगर घराची जागा नेमून दिली जाई. रेसिडेन्सी कायम झाली ती शहरात नव्हे, तर पश्चिमेस सीताबर्डीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी. शहर आणि ही वस्ती यांच्यामध्ये जुम्मा तलाव होता. रेसिडेंटाची शहराशी गाठ पडे ती दरबाराच्या दिवशी, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी. एरवी नागपूर म्हणजे टेकडीवरून पूर्वेकडे दिसणारा छपरांचा व झाडांचा विस्तार होय.

सीताबर्डीवरून काय दिसे आणि काय दिसत नसे, याचा विचार केला म्हणजे ‘वैभवहीन शहर’ या शेऱ्याचा उलगडा होऊ लागतो. मराठी वाड्याचे सौंदर्य रस्त्याकडे तोंड करून उभे नसते. बाहेरून उंच, जवळजवळ कोरी भिंत व एक भक्कम दरवाजा. आत चौक, चौकाभोवती कोरीव खांबांच्या ओसऱ्या, तक्तपोशी, गवाक्षे. भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता व त्यातील लाकडी कोरीवकाम विपुल होते. परंतु तो महाल भागात घरांच्या दाटीत उभा होता. इंग्रज पाहुण्याची दृष्टी मोकळ्या पटांगणात दर्शनी भाग मिरविणाऱ्या इमारतीला सरावलेली होती. तिला येथे पाहण्याजोगे काही दिसले नाही, याचे कारण पाहण्याजोगे काही नव्हते असे नसून ते भिंतीच्या आत होते, हे होय.

शहराबाहेरच्या ज्या गोष्टी या पाहुण्यांच्या पसंतीस उतरल्या त्याही हेच सिद्ध करतात. तलाव व बागा यांची स्तुती सर्वत्र आढळते. जुम्मा तलाव, अंबाझरी, तेलंगखेडी, तुळशीबाग, सक्करदरा ही स्थळे उघड्यावर होती आणि तेथे फिरावयास दरबारची परवानगी सहज मिळे. जे उघडे होते ते सुंदर ठरले. जे बंद होते ते नसल्यातच जमा झाले.

(५)

१८१७ च्या नोव्हेंबरात पाहुणा व यजमान यांचे हे नातेच उलटले. २६ व २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली. डिसेंबरच्या मध्यास जनरल डव्हटनच्या फौजेने भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. शहरातील अरब मात्र तटाआड टिकून राहिले. २४ डिसेंबरला जुम्मा दरवाज्यावर झालेला इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतविला, आणि महिन्याच्या अखेरीस अटी ठरवूनच ते बाहेर पडले. ज्या दाट वस्तीला व अरुंद गल्ल्यांना पाहुण्यांनी दोष दिला होता, त्यांनीच शहराचे काही दिवस रक्षण केले.

याच सुमारास लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीतून खलिते घेऊन जमिनीच्या मार्गाने इंग्लंडला निघालेला लेफ्टनंट-कर्नल फिट्झक्लॅरेन्स नागपुरावरून गेला. त्याचे प्रवासवर्णन १८१९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखी नागपूर हे राहण्याचे शहर नव्हे, तर नुकतेच जिंकलेले रणक्षेत्र आहे. टेकड्यांची उंची, झोपड्यांचा आडोसा, तोफांची जागा यांकडे त्याचे लक्ष आहे. १८१८ च्या जानेवारीतील कराराने सीताबर्डीच्या टेकड्या इंग्रजांकडे गेल्या व तेथे किल्ला उभारला गेला. ज्या जागेवरून पाहुणा राजधानीकडे पाहत असे त्याच जागेवरून आता तोफा तिच्याकडे पाहू लागल्या.

रिचर्ड जेंकिन्स याचा १८२७ मध्ये कलकत्त्यास छापलेला नागपूर संस्थानावरील अहवाल या मालिकेतील सर्वांत भरीव ग्रंथ होय. परंतु त्यास प्रवासवर्णन म्हणता येत नाही. १८०७ पासून तो येथे होता आणि १८१८ नंतर तिसऱ्या रघूजींच्या अल्पवयात राज्याचा कारभारच त्याच्या हाती होता. लोकसंख्या, जाती, पिके, महसूल, न्याय यांची त्याने दिलेली माहिती सत्ताधाऱ्याची आहे. पाहुण्याला जे विचारता येत नाही ते त्याला हुकमाने मागविता आले. त्याच्याच प्रेरणेने काशीराव राजेश्वर गुप्ते याने नागपूरकर भोसल्यांची बखर लिहिली. म्हणजे घरच्या माणसाने सांगितलेला घरचा इतिहासही परक्याच्या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून कागदावर उतरला. बखरीचे वाचन करताना तिच्यामागचा हा प्रश्नकर्ता डोळ्यांआड होऊ देता कामा नये.

(६)

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. यानंतरच्या तेरा वर्षांतील घटनांचा क्रम एकत्र मांडला असता त्यातून जो अर्थ निघतो तो या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे.

खालशानंतर लगेच भोसल्यांच्या खाजगी मालमत्तेवर जप्ती आली. हत्ती, घोडे व बैल सीताबर्डीस लिलावात विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन विकण्यात आले. या प्रकाराचा निषेध के यासारख्या इंग्रज इतिहासकारानेही केला आहे. १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात येऊन नागपूर पुन्हा राजधानी झाले. पण आता ती चीफ कमिशनरची राजधानी होती. १८६३ मध्ये लोकांच्या तोंडी ‘अजब बंगला’ म्हणून रूढ झालेले वस्तुसंग्रहालय स्थापन झाले. १८६४ मध्ये भोसल्यांचा राजवाडा जळाला व त्याचा नगारखाना तेवढा उरला. १८६५ च्या डिसेंबरात सर रिचर्ड टेंपल याच्या कारकीर्दीत कला, उद्योग व उत्पादने यांचे मोठे प्रदर्शन भरले. १८६७ मध्ये मुंबईकडून येणारी लोहमार्गाची गाडी नागपुरास पोहोचली.

लिलाव, संग्रहालय, आग, प्रदर्शन आणि रेल्वे असा हा क्रम आहे. ज्या गोष्टींमुळे नागपूर राजधानी म्हणून पाहण्याजोगे होते त्या विकल्या गेल्या अथवा जळाल्या. त्यानंतर पाहण्याची सोय झाली. घाटांतून आठवडेच्या आठवडे चालून येणाऱ्या मूठभर वकिलांना दरबार दिसला, पण त्यांना तो पुरता पाहता आला नाही. रेल्वेने येणाऱ्या हजारोंना पाहण्याची मुभा होती, पण दरबार उरला नव्हता. या दोहोंच्या मधल्या फटीत भोसल्यांचे नागपूर नाहीसे झाले आहे.

रेल्वेनंतरच्या प्रवाशाने काय पाहावे हेही आता ठरवून दिले जाऊ लागले. मरेच्या मार्गदर्शिकेसारख्या ग्रंथांत सीताबर्डीचा किल्ला, तलाव, बागा आणि भोसले राजांच्या छत्र्या यांची नोंद येते. ही यादी शंभर वर्षांपूर्वीच्या वकिलांच्या आवडीशी बरीच जुळते. शहराबाहेरच्या मुक्कामावरून जे दिसत होते तेच पुढे ‘प्रेक्षणीय’ ठरले. वस्तुतः १९०१ च्या शिरगणतीत १,२७,७३४ लोकसंख्या असलेल्या या शहराचे जुने हृदय महाल, इतवारी या भागांत होते, आणि तेथील कित्येक वाडे तेव्हाही उभे होते.

(७)

नागपूर पाहावयास येणाऱ्यांत हिंदी लोकांचा मोठा समुदाय दिसू लागला तो विसाव्या शतकात. १८९१ मध्ये राष्ट्रसभेचे सातवे अधिवेशन येथे भरले होते. १९२० च्या अधिवेशनास मात्र १४,५८२ प्रतिनिधी आले. शहराची लोकसंख्या तेव्हा सुमारे दीड लाख होती. म्हणजे दहा रहिवाशांमागे जवळजवळ एक पाहुणा असे प्रमाण पडते. हे पाहुणे टेकडीच्या पायथ्याशी उतरले नाहीत. ते घरोघरी, धर्मशाळांत व मंडपांत राहिले.

१९५६ च्या दोन तारखा येथे शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना अमलात येऊन नागपूर राजधानी राहिले नाही. दोहोंत अठरा दिवसांचे अंतर आहे. राजधानीपद गेले, परंतु दरवर्षी दीक्षाभूमीवर येणारा जनसमुदाय पाहता, त्या पदावर असताना या शहराने पाहिले नव्हते इतके पाहुणे त्यानंतर तेथे येऊ लागले. मनुष्य शहराकडे ओढला जातो तो सत्तेमुळेच असे नाही, हे यावरून दिसते.

(८)

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, नागपुराविषयीच्या इंग्रजी वृत्तांतांची साक्ष खोटी नव्हे. ती एका विशिष्ट जागेवरून दिलेली साक्ष आहे. मुक्कामाची जागा, येण्याची वाट आणि येण्याचे कारण या तिन्ही गोष्टी नोंदविल्यावाचून तिचा उपयोग करू नये. यांपैकी काही वृत्तांत १९३० मध्ये नागपूरच्या सरकारी छापखान्याने एका ग्रंथात एकत्र छापले, हा मोठाच उपकार झाला. पण एकत्र छापल्यामुळे ते परस्परांस दुजोरा देत असल्याचा भास होतो, तो टाळला पाहिजे.

दुसरा निष्कर्ष मराठी साधनांविषयी आहे. मेणवली दप्तरातील नागपूरविषयक पत्रे त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी १९५४ व १९५९ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. ती राजकारणाची पत्रे म्हणून वाचली जातात. शहराचा इतिहास म्हणून ती वाचावयाची तर वर्णन शोधून भागणार नाही. कोण कोणाच्या वाड्यावर गेला, किती वेळ बसला, कोणत्या दरवाज्याने बाहेर पडला, सावकार कोणत्या पेठेत होता, अशा ओझरत्या उल्लेखांतून आतले नागपूर जुळवावे लागेल. परक्याने बाहेरून पाहिलेले आणि घरच्याने आतून न सांगता सोडलेले, हे दोन्ही समोरासमोर ठेवणे हाच मार्ग आहे.

तिसरा निष्कर्ष कागदांपलीकडचा आहे. राजवाडा १८६४ मध्ये गेला. त्याची मोजणी, नकाशे व कोरीवकामाची रेखाटने यांचे काम त्यापूर्वी पुरतेपणी झाले असते, तर आज पाहुण्यांच्या शेऱ्यांवर एवढा भार टाकावा लागला नसता. महाल व इतवारी भागांत भोसलेकालीन बांधणीचे जे खांब, चौकटी, तुळया व चौक उरले असतील, त्यांची मोजमापे घेणे व त्यांची नोंद करणे हे संशोधनाचे काम आहे, आणि ते ग्रंथालयात बसून होणारे नाही. लेकी, कोलब्रुक व एल्फिन्स्टन यांना ज्या दरवाज्यांच्या आत फारसे जाता आले नाही, त्यांतील उरलेसुरले दरवाजे नागपूरच्या विद्यार्थ्याला अजून उघडे आहेत. ते जमीनदोस्त होण्यापूर्वी आत जाऊन आले पाहिजे.